गाडी उभी आहे, दुपारी बसायला माणूस नाही

प्रति,
आपल्या छोट्या गावातले दुकानदार, ऑफिसांचे आणि कारखान्यांचे मालक, शिक्षक, रिटायर झालेली मंडळी, कॉलेजची पोरं-पोरी, पालिकेतले पदाधिकारी, आणि "तुम्ही लोक फार मोठं काम करता हो" म्हणून पुढे निघून जाणारे सगळे

नमस्कार मंडळी,

तुमचं कौतुक आमच्यापर्यंत पोचतं, खरंच पोचतं. गाडी रस्त्यानं गेली की हात वर करणारे, बँकेच्या रांगेत "देवमाणसं आहात" म्हणणारे, मोबाईलवर हात जोडलेली चित्रं पाठवणारे, सगळे लक्षात आहेत आणि बरंही वाटतं, खोटं कशाला बोलू. पण कौतुकानं ड्युटीचा तक्ता भरत नाही आणि आपला तक्ता सध्या भरत नाहीये, म्हणून हे पत्र.

स्वयंसेवी अँब्युलन्स पथक म्हटलं की लोकांना वाटतं अडचण पैशाची असणार, नाहीतर गाडी जुनी झाली असणार. ती रड आहेच, तिच्यावर पुढे येतो. पण खरी बोंब वेळेची आहे. रात्रीला माणसं मिळतात, रविवारी तर कधीकधी गरजेपेक्षा जास्तच येऊन बसतात आणि चहा पिऊन गप्पा मारतात, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ह्या वेळात तक्त्यावर कोरे चौकोनच चौकोन. साहजिक आहे, पथकात आहेत ते सगळे नोकरी-धंद्यातले, पोट भरून मग सेवा करणारे, आणि पोट भरायची वेळ नेमकी तीच. पण जिन्यावरून पडणाऱ्या आजी, मशीनमध्ये हात सापडलेला कामगार, छातीत कळ आलेला माणूस, हे कोणी ऑफिस सुटायची वाट बघत थांबत नाहीत ना.

आणि एक माणूस असून भागत नाही, दोन तरी लागतातच, हे बऱ्याच जणांच्या डोक्यात शिरत नाही. एक जण गाडी चालवणार, दुसरा मागे पेशंटजवळ बसणार. एकटाच असला तर मागे कोण बसतं, तर घाबरलेला मुलगा नाहीतर सून, ज्यांना मास्क सरकला तर कळत नाही, पेशंटला उलटी झाली तर त्याला कुशीवर वळवायचं सुचत नाही, जिथे धरायचं ते सोडून हातच धरून बसतात बिचारे. मग ती अँब्युलन्स कसली, सायरन लावलेली साधी गाडी झाली ती.

वेळेचं गणित एकदा सांगतो आणि मग सोडतो. हृदय बंद पडलं की मेंदूला रक्त पोचत नाही आणि साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. कोणीच छाती दाबत नसेल तर मशीननं विजेचा शॉक मिळेपर्यंतच्या दर मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी खाली येते, कोणी नीट दाबत असेल तर ही घसरण बरीच हळू होते. मोठं हॉस्पिटल छोट्या गावापासून लांबच असतं, ते काही आपण उचलून जवळ आणू शकत नाही. पण दोन गल्ल्या सोडून राहणारा, छाती दाबायला शिकलेला माणूस मात्र त्या मिनिटांत पोचू शकतो. शहरात शेजारचा कोण ते माहीत नसतं, इथे कोणाचं घर कुठे, जिना कुठल्या बाजूला, कुत्रा चावरा आहे का, सगळं आपल्याला पाठ. ही एक गोष्ट छोट्या गावाकडे आहे, आणि तीच आपण वापरत नाही.

आता हे पथक वगैरे काही आपण काढलेलं खूळ नाही. १८८१ साली ८ डिसेंबरला ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नामधलं रिंगथिएटर हे नाट्यगृह जळालं, शेकडो माणसं गेली, बाहेर रस्त्यावर जखमी आणि मृत पडलेले आणि त्यांना उचलून न्यायची धड काही व्यवस्थाच नाही अशी स्थिती. दुसऱ्याच दिवशी यारोमीर मुंडी नावाच्या डॉक्टरांनी दोन मित्रांना बरोबर घेऊन तिथे स्वयंसेवी बचाव संस्था उभी केली. दुसऱ्याच दिवशी हं, समिती नेमून नाही. आणि अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रोआनोक गावचा ज्युलियन वाइज, नऊ वर्षांचा असताना त्यानं नदीत होडी उलटून दोन माणसं बुडताना बघितली, काठावर माणसं होती पण काय करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पोरगा मोठा झाला, रेल्वे कंपनीत कामाला लागला, आणि १९२८ मध्ये त्यानं सोबतच्या नऊ सहकाऱ्यांना घेऊन पथक काढलं, अमेरिकेतली स्वयंसेवी बचाव पथकं आपली सुरुवात तिथनं धरतात. रेल्वेत काम करणारे दहा जण, म्हणजे तुमच्याआमच्यासारखेच, ड्युटी संपवून येणारे.

"पण मी डॉक्टर नाही हो" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की समोरचा तोंड उघडायच्या आत कळतं. अहो आम्हीपण नाही. छातीवर नुसत्या हातांनी दाब देऊन रक्त फिरतं ठेवता येतं हे १९६० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या तिघांनी मांडलं, कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर, आणि त्यातले कौवेनहोवन मुळात इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. ज्या सीपीआरवर (म्हणजे छाती दाबणं आणि तोंडानं श्वास देणं) आज सगळं पथक उभं आहे ते शोधणाऱ्यातला एक जण डॉक्टर नव्हता, मग शिकणाऱ्यानं डॉक्टर असायची काय गरज. १९६७ मध्ये अमेरिकेतच पिट्सबर्गला फ्रीडम हाऊस अँब्युलन्स सर्व्हिस निघाली. तोवर तिथे पेशंट न्यायचं काम पोलिसांच्या गाडीचं, नाहीतर चक्क अंत्यविधीचं काम करणाऱ्यांच्या गाडीचं, उचला, मागे टाका आणि हाणा. ह्या सर्व्हिसनं घेतली ती हिल डिस्ट्रिक्ट ह्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतली माणसं, बऱ्याच जणांना कामधंदा नव्हता, काहींची शाळाही अर्धवट सुटलेली. त्यांना शिकवायला उभे राहिले डॉ. पीटर सफार, तोंडानं श्वास देण्याच्या पद्धतीवर ज्यांनी मूळ काम केलं तेच. आणि ही माणसं शिकली, नुसती शिकली नाहीत तर देशभरच्या अँब्युलन्सवाल्यांना कसं काम करायचं ते त्यांच्याकडे बघून कळलं. ते पगारी होते हे खरंय, आपण फुकटातले, पण मुद्दा शिकण्याचा आहे.

आणि शिकायचं असतं ते काय, तर छाती किती खोल दाबायची (मोठ्या माणसात निदान ५ सेंटिमीटर, पण ६ च्या वर नाही), किती वेगानं (मिनिटाला १०० ते १२०), ३० दाब आणि २ श्वास. रक्त वाहत असेल तर घाबरून कापडावर कापड गुंडाळत बसायचं नाही, नेमक्या जागी जोर लावून दाबून धरायचं. मान दुखावली असेल तर डोकं हलू न देता माणूस कसा उचलायचा, बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्याला कुशीवर कसा ठेवायचा. औषधं द्यायला आम्ही जात नाही, निदान करायलाही नाही. बघायचं, धरायचं, न्यायचं आणि हॉस्पिटलच्या दारात नीट सांगायचं. हे शेवटचं सांगणं फार कमी लोकांना जमतं बरं का, आणि ते शिकवून येतं.

पॅरालिसिसचा झटका घ्या. चेहरा एका बाजूला ओघळलाय का, हात वर धरला तर एक खाली येतो का, बोलणं अडखळतंय का, हे तीन प्रश्न कोणालाही विचारता येतात. पण आमच्या ट्रेनिंगमध्ये त्याच्यापुढचा चौथा प्रश्न अक्षरशः घोकून घेतात : पेशंटला शेवटचं ठीकठाक कधी बघितलं? आणि इथे घरच्यांची गंमत बघा, गंमत म्हणजे काय, वैतागच. "आत्ताच झालं हो" असं सगळे म्हणतात. आत्ताच म्हणजे त्यांना आत्ता दिसलं. मग खोदून विचारावं लागतं, झोपेतून उठले तेव्हा बोलले का, सकाळी दूध कोणी घेतलं, पेपर वाचला का, बाथरूमला स्वतः गेले का, आणि मग हळूच सून म्हणते की अहो उठले तेव्हाच जरा गप्प होते, मला वाटलं रागावलेत. झालं, वेळ तिथून धरायची. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे डॉक्टरला ही वेळ सोन्याच्या भावाची. हे काम करायला स्टेथोस्कोप लागत नाही, चिकाटी लागते आणि थोडा चौकस स्वभाव, जो आपल्या गावात भरपूर आहे असं मला नेहमी वाटतं, फक्त तो दुसरीकडे खर्च होतो.

रक्त बघवत नाही? नका बघू. पथकाचं अर्धं काम गाडीत होतच नाही. फोन ड्युटी घ्या. फोनवर बसलेला माणूस ढिला असेल तर पुढचं सगळं ढासळतं. पहिलं विचारायचं पत्ता आणि जवळची खूण, कारण फोन कट झाला तरी गाडी तेवढ्यावर निघू शकते, मग शुद्धीवर आहेत का, श्वास चालू आहे का, आणि श्वास चालू नसेल तर फोन न ठेवता समोरच्याला छाती दाबायला सांगत राहायचं, मोजत राहायचं त्याच्याबरोबर. एवढंच. आवाज वाढवायचा नाही, पलीकडचा ओरडला तरी. शाळेत तीस वर्षं पोरं सांभाळलेली बाई हे काम डोळे मिटून करील, आणि अशा बाया गावात आहेत, दुपारी घरी आहेत, आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही. विचारतोय आता.

किंवा गाडीची तपासणी घ्या, दर शिफ्टच्या सुरुवातीला करावी लागते ती. लोकांना वाटतं किल्ली फिरवली, चालू झाली, झालं. ऑक्सिजन सिलिंडरचा काटा बघायचा, नुसता बघायचा नाही तर व्हॉल्व्ह उघडून बघायचा, कारण काटा कधीकधी अडकलेला असतो, आणि सिलिंडर उघडायची चावी दोरीनं तिथेच बांधलेली हवी, खिशात घालून घरी नेणारे महाभाग प्रत्येक पथकात निघतात. सक्शन मशीन (तोंडातली उलटी, लाळ ओढून घ्यायचं) चार्ज आहे का, लावून आवाज ऐकायचा. अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबून बघायची, मास्क मोठ्याचा आणि लहान मुलाचा दोन्ही आहेत का. शॉक द्यायच्या मशीनच्या पॅडवर एक्स्पायरी डेट असते, ती उलटून गेली की आतलं जेल सुकतं आणि पॅड छातीला धड चिकटत नाही. शुगर तपासायच्या पट्ट्या. ग्लोव्ज सगळ्या साईजचे. स्ट्रेचरचं लॉक खटकन बसतं का, हे रिकाम्या स्ट्रेचरवर नाही कळत, एकाला झोपवून बघायचं. मागचा लाईट, मागचं दार आतून उघडतं का. वीस-पंचवीस मिनिटं जातात, कंटाळवाणं काम आहे, आणि ज्याला कपाटातल्या डब्यांची झाकणं सुद्धा ओळीत लागतात अशा माणसासाठी तर हे काम बनलेलंच आहे. तुमच्या घरात असा एक जण आहे, घरचे वैतागलेत त्याला, आमच्याकडे पाठवा.

हिशोब लिहायला माणूस हवा. गाडीचा इन्शुरन्स, फिटनेस, सर्व्हिसिंगच्या तारखा सांभाळायला हवा. कॉल झाल्यावर गाडी धुवायला, चादरी उकळायला हवा. ह्याच्यावर जास्त लिहीत नाही, कळलं असेल.

आता मालक मंडळींना. तुमच्याकडे कामाला असलेला एखादा पोरगा आमच्याकडे शिकलेला आहे, पण दुपारी फोन वाजला की त्याला निघता येत नाही, कारण तुम्ही "नाही" म्हणालेलाच नाहीत पण "जा" असंही कधी म्हणाला नाहीत, आणि तो बिचारा विचारायला लाजतो, पगार कापला जाईल म्हणून घाबरतो. त्याला एकदा सर्वांसमोर सांगा की कॉल आला तर जायचं, पैसे कापणार नाही. महिन्यातनं असे प्रसंग फार येत नाहीत हो. आणि उद्या तुमच्याच गोडाऊनमध्ये कोणी शिडीवरून पडला तर पहिल्या मिनिटाला त्याच्याजवळ बसणारा माणूस तुमच्याच पगारपत्रकावर असेल, धंद्याच्या नजरेनं बघितलं तरी हा सौदा वाईट नाही. दोन-तीन दुकानांनी मिळून आठवड्यातली एकेक दुपार वाटून घेतली तरी आमचे निम्मे कोरे चौकोन भरतात.

देणगीदारांना एक विनंती, रागावू नका. नवी गाडी द्यायला सगळे तयार असतात. गाडीवर नाव येतं, फीत कापता येते, फोटो येतो. पण गाडी म्हणजे घरात आणलेली म्हैस आहे, तिला रोजचा चारा लागतो आणि चाऱ्यावर कोणाचं नाव लिहीत नाहीत. डिझेल, टायर, ऑक्सिजन भरून आणणं, पॅड बदलणं, दर काही महिन्यांनी ट्रेनिंगची उजळणी, पुतळा (सीपीआर शिकायचा), ग्लोव्ज, गाडीचा विमा आणि पथकातल्या माणसांचा विमा. ह्या शेवटच्या गोष्टीसाठी पैसे मागितले की लोक "बघू" म्हणतात, जणू काही आम्ही सहलीला जाणार आहोत. दुसरी गाडी देऊ नका, आहे तिला चालवायला दरमहा थोडं थोडं द्या, दहा रकमा छोट्या पण ठरलेल्या तारखेला आल्या तर आम्हाला एका मोठ्या चेकपेक्षा त्याचा उपयोग जास्त. पालिकेनं तर एवढंच करावं की गाडी उभी करायला पत्र्याचं छप्पर आणि तिथे एक चार्जिंगचा प्लग, उन्हात तापलेल्या गाडीत बॅटऱ्या आणि पॅड दोन्ही लवकर मरतात.

जे पथकात येणार नाहीत, पैसेही देणार नाहीत, त्यांच्यासाठीपण काम आहे, सुटका नाही. घराचा नंबर रस्त्यावरून वाचता येईल एवढा मोठा लावा. फोन केल्यावर एक जण रस्त्यावर येऊन उभा राहा, रात्री असेल तर बाहेरचा दिवा लावा, मोबाईलची बॅटरी हलवा. कुत्रा बांधा. पेशंटच्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत टाकून ठेवा, आधीचे रिपोर्ट असतील ते पण. जिन्यातल्या सायकली, कुंड्या, जुने पंखे काढा, आम्ही वळणावर स्ट्रेचर उभं करून कसंबसं खाली आणतो आणि खाली पोचल्यावर कळतं की चप्पलांचा स्टँड दारात आडवा आहे. आणि कृपा करून व्हिडिओ काढू नका. गर्दीला मागे सरकवणारा एक खमक्या माणूस त्या वेळी आम्हाला दुसऱ्या ऑक्सिजन सिलिंडरइतका उपयोगी पडतो. तसंच दवाखान्यात नुसती तपासणीची अपॉइंटमेंट आहे, स्वतः चालता येतंय, तर गाडी मागवू नका, तेवढ्यात दुसरीकडे कोणी पडलेलं असतं.

येऊ म्हणणाऱ्यांनी कायद्याची भीती घालून घेऊ नका. "मदत केली आणि आपल्यावरच केस झाली तर" ह्या धास्तीनं चांगली चांगली माणसं मागे राहतात. भारतात २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं रस्ते अपघातात मदत करणाऱ्यांसाठीच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं, आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत १३४ अ हे कलमच आलं : अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि त्याला स्वतःचं नाव सांगायची सक्तीही नाही. हे अपघातापुरतं आहे, पथकाच्या बाकीच्या कामासाठी नियम, नोंदी आणि विमा नीट असावाच लागतो, म्हणून तर वर विम्याचं रडगाणं गायलं.

एक गोष्ट मात्र येण्याआधी नीट समजून घ्या, ती न जमणाऱ्यानं खरंच येऊ नये. छोट्या गावात पेशंट अनोळखी नसतो. ज्याला तुम्ही उचलणार तो तुमचा गणिताचा मास्तर असेल, भांडण झालेला शेजारी असेल, कोणाची तरी मुलगी असेल जिनं रागाच्या भरात काहीतरी प्यायलंय. त्या घरात काय दिसलं, कोण रडत होतं, कोण नव्हतं, बाटली कुठली होती, हे गाडीच्या दाराबाहेर यायला नको. घरी नाही, बायकोला नाही, नवऱ्याला नाही, पथकाच्या ग्रुपवर तर अजिबात नाही. गावात बातमी वाऱ्यावर पसरते, आणि एकदा का लोकांना वाटलं की ह्यांना बोलावलं की गावभर होतं, तर पुढच्या वेळी ते फोनच करणार नाहीत, तासभर घरातच झाकून ठेवतील. अंग चोरणारा चालेल, त्याला दुसरं काम देऊ, तोंड सुटलेला चालणार नाही.

सायरनच्या हौसेनं येणारेही नकोत. आहेत असे, दोन-चार आठवडे येतात, गाडी चालवायलाच मागतात, टी-शर्टची साईज पहिल्या दिवशी विचारतात. गाडी जोरात चालवण्यात शौर्य नाही, मागे उभं राहून छाती दाबणाऱ्याला एका वाकड्या वळणावर काय होतं ते त्याला विचारा. आम्ही नव्याला आधी मागे बसवतो, मग स्ट्रेचर, मग फोन, स्टिअरिंग सगळ्यात शेवटी.

आणि जुन्या मंडळींनो, तुम्हालाही दोन शब्द, घरचे आहात म्हणून. नवीन पोरगी आली की तिला "तू फक्त बघ" म्हणून महिनोन्महिने कोपऱ्यात उभं करणं बंद करा. किल्ली कोणाकडे राहणार, अध्यक्ष कोण, बॅनरवर फोटो कोणाचा, ह्या भानगडीत चांगली माणसं कंटाळून निघून गेलीत आणि आपण म्हणतो लोक येत नाहीत. बायका पथकात हव्यातच, पोटुशी बाई असेल किंवा घरात मारहाण झालेली असेल तर मागे बाईमाणूस बसलेलं असणं ही सोय नाही, गरज आहे, आणि त्यांना रात्री घरी सोडायला कोण जाणार हे आधी ठरलेलं पाहिजे, ऐन वेळी नाही.

सगळे वाचत नाहीत, हेही सांगून टाकतो. सगळं बरोबर करूनसुद्धा माणूस जातो, आणि तो ओळखीचा असतो. हृदय बंद पडलेल्यांत तर न वाचणारेच जास्त असतात. त्या रात्री झोप येत नाही, दोन दिवस जेवण जात नाही, हे होतं, धडधाकट गड्यांनापण होतं. म्हणून असा कॉल झाला की आपण लगेच पांगत नाही, सगळे मिळून गाडी धुतो आणि बसतो, ज्याला बोलायचंय तो बोलतो, नव्याला दुसऱ्या दिवशी कोणीतरी मुद्दाम फोन करतं. बाहेरच्यांनी त्या दिवशी भेटून "काय झालं होतं नक्की?" विचारू नये एवढं केलंत तरी पुष्कळ.

तर काय करायचं. बुधवारी संध्याकाळी सात वाजता गाडीपाशी या, दर बुधवारी उजळणी असते, पुतळ्यावर दाबून बघा, दोन मिनिटांत दम लागतो, मग कळेल दर दोन मिनिटांनी माणूस का बदलावा लागतो ते. वय अठराच्या पुढे हवं, त्याखालच्यांना नुसतं शिकायला बसता येईल. नाव नोंदवायची वही तिथेच आहे, नावासमोर तुम्हाला कुठली वेळ जमते ते लिहा, आणि "कधीही" असं लिहू नका, कधीही म्हणणारे कधीच येत नाहीत असा अनुभव आहे. मंगळवार दुपार, गुरुवार दुपार, असं लिहा. ह्या दोन दुपारी आत्ता पूर्ण रिकाम्या आहेत, फोनवरही आणि गाडीतही.

आपला,
पथकातला एक जण (सध्या मंगळवारी रात्री)